सात लिव्हरचं कुलूप

विषय : कुलपाचा प्रकार नुसत्या नजरेने ओळखण्याबाबत.

संदर्भ : श्री. मधुसूदन पांचाळ, वय वर्षे एकोणचाळीस, यांचा अर्ज. रकाना क्रमांक सात कोरा.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की...

"आणि हे?"

"डिस्कचं. किल्लीची चीर सरळ आहे, मध्ये जरा फुगलेली. सायकलवाले लावतात."

दस्तगीर उस्तादांनी ते कुलूप खाली ठेवलं आणि दुसरं उचललं.

"हे?"

"पिनांचं. चीर नागमोडी. पाच पिना."

"पाच कशावरून?"

"जाडीवरून. उस्ताद, मी दहा फुटांवर उभा आहे आणि तुम्ही मला बालवाडीतली कुलपं दाखवताय."

उस्तादांनी कुलूप तळहातावर तोललं आणि मान डोलावली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. आपण हातात काय धरलंय ते त्यांना दिसत नव्हतं, ते वजनावरून ताडत होते. परीक्षकाला प्रश्नपत्रिका दिसत नाही, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही.

"आणखी एक."

"चोरकुलूप. समोर दिसतं ते भोक खोटं. खरं भोक मागच्या फुलाखाली आहे, फूल सरकवलं की दिसतं. झालं?"

"झालं."

"मग सही?"

उस्ताद कुलपं पोत्यात भरत राहिले...

आता अर्जाविषयी. बंद घराचा ताबा घ्यायचा असला की कोर्टाचा बेलिफ कुलूप उघडणारा जाणकार बरोबर नेतो. असे जाणकार कोर्टाच्या यादीवर असतात. या तालुक्याच्या यादीवर एकतीस वर्षं एकच नाव होतं, दस्तगीर शिकलगार. एका नावाला यादी का म्हणायचं, हा प्रश्न कोणी काढला नाही. आता उस्तादांची नजर गेली, तेव्हा बेलिफांवर देखरेख करणाऱ्या नाझरांनी दुसरं नाव मागवलं होतं. अर्जात सात रकाने. सहा मधूनं ठळक अक्षरांत भरले होते. सातवा : 'विद्यमान जाणकाराची शिफारस व सही'.

मधू पूर्वी कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला, तेव्हापासून अकरा वर्षं तो उस्तादांच्या शेजारी फुटपाथवर लाकडी पेटी मांडून बसत होता. सासुरवाडीला त्याची ओळख 'ते फुटपाथवरचे जावई' अशी करून देत. यादीवर नाव लागलं की कोर्टाचं ओळखपत्र मिळतं, फोटोसकट. ते खिशाला लावून येत्या दिवाळीला सासुरवाडीला जायचं, एवढं एकच त्यानं मनाशी धरलं होतं.

पण सही होईना.

तेवढ्यात बेलिफ खरात आले. हातात वॉरंट, चेहरा पडलेला. खरातांचा चेहरा वॉरंट असलं की पडायचा. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना त्याची सवय झाली नव्हती.

"उस्ताद, चला. तेलाच्या गिरणीतली शेवटची खोली. दोन वर्षं रिकामी आहे. कुलूप काढायचं, मालकाच्या ताब्यात द्यायची, सह्या घ्यायच्या."

"मधू येईल."

"आणि तुम्ही?"

"मी नुसता बसायला येतो."

मधूला वाटलं, हीच परीक्षा. त्यानं हत्यारांची पिशवी उचलली. अर्जही घडी करून वरच्या खिशात ठेवला. काम झालं की तिथंच सही. बेलिफ साक्षीला असताना उस्ताद नाही म्हणणार नाहीत.

गिरणी बंद पडून सात-आठ वर्षं झाली होती. आवारात गवत कमरेएवढं. टोकाला एक खोली, पूर्वी राखणदार नवरा-बायकोची. एक दार, दाराच्या उजव्या हाताला एक खिडकी. खिडकीची झडपं बंद. दाराला कुलूप.

मालक शिरोळे मोटारसायकलवर बसून वाट पाहत होते.

"हे आंधळे कशाला आणलेत?" त्यांनी विचारलं.

"हे बसायला आलेत," खरात म्हणाले.

मधूनं आवाराच्या फाटकातूनच सांगून टाकलं, "पितळी. लिव्हरचं. सात लिव्हर. कडी पोलादी. तीन मिनिटं."

"लेका, इतक्या लांबून?" शिरोळे खूश झाले. "याला म्हणतात कारागीर! नाहीतर तुमचे एकेक..."

उस्ताद चाचपडत खोलीच्या पायरीवर जाऊन बसले होते.

"मधू, जवळ जाऊन बघ."

"बघितलं."

"नीट बघ."

मधू जवळ गेला. मान तिरकी करून कुलपाच्या बुडाकडे पाहिलं. "भोक गोल आहे, मध्ये खुंटी. अंगाची जाडी बोटाच्या दीड पेरापेक्षा जास्त. सातच. सहा निघाले तर पेटी विकतो."

"पेटी राहू दे. कामाला लाग. आणि काम करताना बोलत राहा."

"काय बोलू?"

"दिसतं ते. मला कुलूप म्हणून एक पिवळा ठिपका दिसतोय. बाकीचं तू सांग."

मधूनं एक पट्टी भोकात घालून ताण दिला आणि वाकवलेली तार आत सरकवली. पहिला लिव्हर, म्हणजे आतली पहिली पात, उचलला.

"एक."

"लिव्हर नकोत. दिसतं ते."

"कुलूप उलटं घातलंय. कंपनीचं नाव दाराकडे."

"नाव दाराकडे..." उस्ताद म्हणाले. "तू कुलूप लावतोस तेव्हा नाव कुठे असतं?"

"माझ्याकडे. सगळ्यांचंच. हा कोणीतरी अडाणी असणार. दोन."

"बरं. कुलपावर धूळ?"

"नाही."

"दोन वर्षं रिकाम्या असलेल्या घराच्या कुलपावर धूळ नाही?"

"वाऱ्यानं उडाली असेल!" शिरोळे मध्येच म्हणाले. "तुम्ही उघडा हो, पांचाळ. हे काय, रेडिओवरचं समालोचन चाललंय का?"

"तीन," मधू म्हणाला. "चार."

"खिडकी किती लांब?"

"कोयंड्यापासून? हातभर. गज आहेत, लोखंडी. गंजलेत." मधूनं क्षणभर तिकडे पाहिलं. "सगळे नाही. दाराकडून पहिला गज तेवढा चकाकतोय. सगळाही नाही... मधोमध. चार बोटं जागा. पॉलिश केल्यासारखी."

"कोणी केलं पॉलिश?"

"मला काय माहीत? मी कुलूपवाला आहे, गजवाला नाही. पाच."



खरातांनी वॉरंट एकदा उलगडलं, परत घडी केलं.

"सहा," मधू म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण आवाजात दिवाळी होती. एकच लिव्हर उरला होता. तार त्याला लागली होती. आता फक्त उचलायचा.

तेव्हा उस्तादांनी पायरीवरून मान वळवली. मधूकडे नाही, दाराकडे. आणि घरच्या माणसाला हाक मारावी तशी हाक मारली.

"आक्का, ऊन फार आहे. प्यायला पाणी मिळेल का?"

शिरोळे आधी चकित झाले, मग खो खो हसले. "गेलं! डोळ्यांबरोबर डोकंही गेलं. अहो खरातसाहेब, यांना घरी सोडून या. कुलपाकडे पाणी मागताहेत!"

मधूला लाज वाटली. अकरा वर्षांचा गुरू, आणि मालकासमोर असं... त्यानं हातातली तार तशीच धरून ठेवली होती.



गवतातून एक टिटवी ओरडत उडाली.

मग आत, अगदी दाराच्या पलीकडे, तांब्यावर फुलपात्र घासल्याचा आवाज झाला.

मधूच्या हातातून तार सुटली. सहाही लिव्हर खटाखट खाली बसले.

खिडकीचं एक झडप बोटभर उघडलं. थांबलं... मग वीतभर उघडलं. गजांमधून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, मनगटाला काळा दोरा. हातात पाण्यानं भरलेलं फुलपात्र. कोपर पहिल्या गजाला टेकलं. जिथे तो चकाकत होता, नेमकं तिथे.

"घ्या," आतून बाईचा आवाज आला. "माठातलं आहे."

उस्ताद उठले, चाचपडत खिडकीपाशी गेले आणि पाणी प्यायले. सगळं. घाई न करता.

बाईंचं नाव इंदुबाई. नवरा गिरणीचा राखणदार होता. गिरणी बंद झाली, पुढे नवराही गेला. बाई खोलीत राहिल्या. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी कागद घेऊन आलं. बाई बाजाराला गेल्या होत्या, दाराला कुलूप होतं, कागदवाला परत गेला. बाईंना ते फार सोपं वाटलं. कुलूप दिसलं की कोर्ट परत जातं! तेव्हापासून त्या घरात असल्या तरी दाराला बाहेर कुलूप. दार लोटायचं, खिडकीतून हात काढायचा, कुलूप अडकवायचं, किल्ली फिरवायची. कोर्ट चारदा आलं आणि चारदा परत गेलं.

पण कोर्ट परत जाताना रिकाम्या हातानं जात नाही. चारही वेळा कागदावर शेरा पडला होता : 'दार बंद. आत कोणी नाही.' ते चारही शेरे शिरोळ्यांनी आपल्या अर्जाला जोडले होते. खोली रिकामी असल्याचा पुरावा म्हणून. बाईंनी जे कुलूप घर राखायला लावलं, त्यानंच घर पुसत आणलं होतं.

चारपैकी तीन शेऱ्यांखाली सही खरातांची होती. ते फुलपात्राकडे पाहत राहिले.

"आक्का," ते शेवटी म्हणाले, "मी तीनदा आलो होतो. दार वाजवलं होतं."

"ऐकलं मी. तुम्हाला खोकला असतो."

"मग ओ का दिली नाहीत?"

"ओ दिली असती तर घालवलं असतंत."

"आणि आज?"

"आज पाणी मागितलं त्यांनी. पाण्याला नाही कसं म्हणायचं?"

शिरोळे मोटारसायकलवरून उतरले. "बरं झालं! आहे ना आत? काढा बाहेर. कुलूप बाहेर लटकतंय, सगळ्यांना दिसतंय. म्हणजे घर बंद. बंद घराचं वॉरंट आहे. उघडा आणि ताबा द्या."

"वॉरंट रिकाम्या घराचं आहे," खरात म्हणाले. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा थोडा उजळला होता. "पण कुलूप बाहेरून लावलेलं की कसं, ते मी सांगू शकत नाही. तो जाणकाराचा रकाना. ते लिहितील ते साहेब वाचतील." त्यांनी छापील कागद मधूपुढे धरला. "लिहा, पांचाळ, आज उस्तादांच्या जागी तुम्ही. 'कुलपाचा प्रकार व स्थिती'."

शिरोळ्यांनी मधूच्या खांद्यावर हात टाकला. आवाज खाली आणला. "पांचाळ, तुझा अर्ज जायचाय म्हणे नाझरांकडे. नाझर माझ्या शब्दाबाहेर नाहीत. डोळ्यांना दिसतं तेवढं लिही, खोटं लिहू नको. 'कुलूप बाहेरच्या बाजूस आढळले.' बास. यात खोटं काय?"

नाझर कोणाच्या शब्दाबाहेर असतात आणि कोणाच्या आत, हे नाझरांना विचारलेलं कोणाच्या ऐकिवात नाही. पण मधूला या क्षणी ते खरं वाटलं. आणि वाक्यात खोटं खरंच काही नव्हतं. कुलूप बाहेरच होतं. फाटकातून दिसत होतं. त्यानंच सर्वांच्या आधी ओळखलं होतं.

त्यानं उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद फुलपात्र खिडकीत परत देत होते.

"उस्ताद..."

"मला काय विचारतोस? मला पिवळा ठिपका दिसतो."

मधूनं पेन उघडलं. टोपण परत लावलं. मग खिडकीपाशी गेला.

"आक्का, किल्ली आहे?"

"आहे." आवाज बारीक झाला होता. "देऊ?"

"देऊ नका. तुम्हीच उघडा. रोज उघडता तसं."

हात पुन्हा बाहेर आला. या वेळी किल्ली घेऊन. कोपर गजाला टेकलं, मनगट वळलं, बोटांनी कुलूप चाचपलं. न पाहता. एकदाच किल्ली आत गेली, एकदाच फिरली. सात लिव्हर एका वेळी उचलले गेले. मधूला जे सहापर्यंत न्यायला इतका वेळ लागला होता, ते बाईंनी श्वास घ्यावा तसं केलं. कुलपावरचं नाव दाराकडे होतं, म्हणजे त्यांच्याकडे होतं. ते उलटं नव्हतंच. बघणारा उलट्या बाजूला उभा होता.

दार उघडलं. चूल, पलंग, भिंतीवर नवऱ्याचा गणवेशातला फोटो. दाराच्या आतल्या अंगाला कडी नव्हती. स्क्रूची चार भोकं तेवढी होती.

"ही कडी?" मधूनं विचारलं.

"कधीच निघाली. मालकांना सांगितलं होतं."

शिरोळे दुसरीकडे पाहू लागले.

मधूनं कागद पायरीवर ठेवला आणि लिहिलं. एरवी तो ठळक अक्षरांत लिहायचा. आज साध्याच अक्षरांत लिहिलं :

'पितळी, सात लिव्हरचे. दाराच्या बाहेर लटकते. आतील व्यक्ती खिडकीतून हात काढून लावते व उघडते. समक्ष पाहिले. घर वापरात आहे.'

शिरोळ्यांनी वाचलं आणि कागद हवेत फडफडवला. "हे काय? आतून लावलेलं बाहेरचं कुलूप! असा प्रकार असतो का कुठे?"

"आता आहे," उस्ताद म्हणाले. "कागदावर आला."

"तुझ्या अर्जाचं मी बघतोच, पांचाळ!"

"बघा," मधू म्हणाला. स्वतःच्याच आवाजानं तो जरा दचकला. वाईट काहीतरी वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नव्हतं. सहा लिव्हर खटाखट खाली बसले तेव्हापासून छातीवरचं काहीतरीही खाली बसलं होतं. एक लिव्हर. एकच उरला होता...

मोटारसायकल गवतातून निघून गेली. जाताना दोनदा बंद पडली.

खरात पायरीवर बसले. वॉरंटवर शेरा लिहू लागले आणि लिहिताना पुटपुटू लागले. "इसम आत हजर... नाव इंदुबाई... आक्का, आता मात्र कागद तुमच्या नावानं येईल. तो घ्यायचा. सही करायची. वकील नसेल तर कोर्ट देतं, फुकट. तुमचं म्हणणं काय ते तिथे सांगायचं. आणि मी आलो की ओ द्यायची."

बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. दिवसाढवळ्या स्वतःच्या उंबऱ्यात उभं राहून त्यांना दोन वर्षं झाली असावीत. उन्हानं डोळे बारीक केले होते.

"म्हणजे आता मी कागदावर आहे?"

"आहात."

"इथं राहते, असं?"

"असंच. ही बघा ओळ."

बाईंनी ओळ पाहिली. वाचता येत होतं की नाही, कोण जाणे. पण बराच वेळ पाहिली. मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या, आणि हसता हसता खाली बसल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. सगळ्यांना."

चहा झाला. गुळाचा होता. खरातांनी दोन कप घेतले आणि खोकल्याला बरा पडतो म्हणाले.

परत येताना मधू उस्तादांचा हात धरून चालत होता. अर्ज वरच्या खिशात होता. त्यानं तो काढला नाही, आणि उस्तादांनी विचारलं नाही...

दहा दिवसांनी खरात फुटपाथवर आले. हातात वॉरंट नव्हतं, म्हणून चेहरा बरा होता. उस्ताद एकटेच बसले होते, एका डोळ्याला हिरवी पट्टी. शेजारची पेटी बंद होती.

"वॉरंट परत घेतलं साहेबांनी," खरात म्हणाले. "बाईंना नोटीस गेली. मीच नेली. दार वाजवायच्या आत ओ आली."

"छान झालं."

"मालकांनी पांचाळबद्दल तक्रार केलीय, पण नाझरांनी ती बाजूला ठेवलीय. म्हणाले, रकाना इतका नीट भरलेला मी पहिल्यांदा वाचला. माणूस घ्यायला त्यांची ना नाही." खरातांनी इकडेतिकडे पाहिलं. "पण अर्ज अजून आलाच नाही म्हणतात. सातवा रकाना कोराच असणार. तुमची सही नाही. तो स्वतः मागायलाही आला नाही?"

"नाही आला."

"मग नाझरांना काय सांगू?"

उस्तादांनी हिरवी पट्टी जरा सारखी केली.

"सांगा, अर्ज प्रलंबित आहे. अर्जदार आक्कांच्या दाराला आतून कडी बसवायला गेलाय."